आजीसाठी प्लेअर घेताना मी काय काय चुकलो

आज बोलायचंय म्युझिक प्लेअरबद्दल. म्हणजे वेगळा, फक्त गाणी वाजवणारा डबा. तुम्ही म्हणाल, आयपॉड २००१ मध्ये आला, २०२२ मध्ये ॲपलने तो बंदसुद्धा केला, आता हा विषय कुठून काढलास? तर काढला आमच्या आजीमुळे.

आजी पंचवटीत राहते. वय ८१. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला. यात कडेचं दिसतं, पण जिथे नजर लावावी तिथेच धूसर डाग. ती घरात फिरते, चहा करते, पण फोनवरची अक्षरं वाचू शकत नाही. गाणं लावायला गेली की मध्येच जाहिरात, नाहीतर बोट लागून कुणाला तरी व्हिडिओ कॉल. दोन-चार वेळा ओशाळली आणि मग तिने गाणी ऐकणंच सोडलं. तक्रार नाही केली, नुसतं सोडलं. ते आम्हाला कळायलाही सहा महिने गेले.

मग मी हुशार इंजिनिअर पुढे आलो. तीन रात्री रिव्ह्यू वाचले आणि साडेनऊ हजारांचा हाय-रेझ प्लेअर मागवला. फ्लॅक वाजवतो, दोन प्रकारचे हेडफोन जॅक, मेटल बॉडी. आणि सगळा कारभार टचस्क्रीनवर! आजीने हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे रे. तू वापर." ऑफिसमध्ये आम्ही रोज बोंबलतो की आधी युजरला विचारा, मग कोड लिहा. घरी आल्यावर मी नेमकं तेच विसरलो.

मग विचारलं. तिच्या अपेक्षा तीनच निघाल्या. गीतरामायण क्रमाने लागलं पाहिजे. बंद केलं तर तिथूनच पुढे सुरू झालं पाहिजे. आणि तिच्या भजनी मंडळाची जुनी कॅसेट ऐकता आली पाहिजे.

आधी सारेगामाच्या कारवांचा विचार केला. २०१७ मध्ये आलेला, पाच हजार गाणी आधीच भरलेली, मोठी बटणं. ज्येष्ठांसाठी चांगला पर्याय आहे, पेनड्राइव्हही चालतो. पण आजीला हवं होतं ते सगळं पेनड्राइव्हवरूनच वाजणार होतं, मग पाच हजार गाण्यांचे पैसे कशाला? म्हणून मेनरोडच्या बाजूच्या एका छोट्या दुकानात गेलो आणि काउंटरवर डोळे मिटून उभा राहिलो. दुकानदार बघतच राहिला. पण खरी परीक्षा हीच होती. न बघता चालू-बंद, पुढे-मागे आणि आवाज ही बटणं बोटांना वेगवेगळी कळतात का? चार मॉडेलपैकी एकच पास झालं. दुसरी परीक्षा: तिसरं गाणं अर्धं वाजवलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. तिथूनच सुरू झालं. चौदाशे रुपये दिले आणि घेतला.

आता तांत्रिक गोष्टी, कारण यात माझा एक आख्खा रविवार गेलाय.

पहिली, मेमरी कार्ड. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तातलं ६४ जीबीचं कार्ड घेतलं होतं, ते बनावट निघालं. थोडा डेटा नीट बसला आणि पुढच्या फाइली बिघडल्या. नवीन कार्ड आधी पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासा. त्यासाठी फुकट टूल मिळतात. शिवाय ३२ जीबीच्या वरची कार्डं साधारण एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि साध्या प्लेअरना बऱ्याचदा फक्त फॅट ३२ कळतं. म्हणून ३२ जीबीचंच घ्या. ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे दोनशेहून जास्त तास बसतात. छोट्या स्पीकरवर फ्लॅकचा फरक कळणारही नाही.

दुसरी, क्रम. गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, एकूण ५६ गीतं, आणि त्यात सलग गोष्ट आहे. घरच्या सीडींवरून मी फाइली केल्या, नावापुढे ०१ ते ५६ आकडे टाकले, तरी प्लेअरने वनवास आधी आणि लग्न नंतर लावलं! कारण अनेक स्वस्त प्लेअर नाव बघतच नाहीत. फाइली ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्या, त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड रिकामं करून एकेक फाइल क्रमाने कॉपी करायची. मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली.

तिसरी, कॅसेट. शेजारच्या काकांकडे डेक होता. त्याचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, हेडफोनच्या जॅकमधून वायर लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड केलं. इथे शॉर्टकट नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात. मग खरखर कमी केली आणि शेवटची खुडबुड कापून टाकली.

आजीला लावून दिलं. ती मांडी घालून ऐकत होती, टाळ्यांचा ठेका धरला होता. शेवटचं भजन संपलं आणि ती थांबली. म्हणाली, "यानंतर हे बोलतात ना? ते कुठे गेलं?"

"हे" म्हणजे आजोबा. ते जाऊन चौदा वर्षं झाली. मी खुडबुड म्हणून कापलेल्या त्या अर्ध्या मिनिटात रेकॉर्डिंग करणारे आजोबा विचारतात, "झालं का तुमचं? बंद करू?" आणि बायका हसतात. एवढंच.

नशीब, मूळ फाइल मी डिलीट केली नव्हती. रात्रीच ते पुन्हा जोडलं. म्हणून सांगतो, घरातली कॅसेट उतरवलीत तर मूळ, न कापलेली फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. काय कचरा आणि काय नाही, हे आपण एकट्याने ठरवायचं नसतं.

आता सकाळी चहाच्या आधी आजी स्वतः बटण दाबते. कुणाला हाक मारत नाही. साडेनऊ हजारांचा प्लेअर मी वापरतो, आवाज खरंच भारी आहे.

तुमच्या घरात कुणी गाणी ऐकणं गुपचूप सोडलंय का, तेवढं आज विचारून बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!