व्यवस्थापन शिक्षणाचे प्रवेशद्वार



अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग चालविणाऱ्या आपल्या कित्येक घरांतून आज मुलेमुली पदवीधर होत आहेत. “एम.बी.ए. करावयाचे, पण नामांकित संस्थेत वशिल्यावाचून प्रवेश कोठला?” असे पालक विचारतात. हा समज दूर व्हावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

अहमदाबाद व कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली निघाल्या. आपल्या राज्यात नागपूरची संस्था २०१५ साली सुरू झाली आणि मुंबईच्या ‘निटी’स २०२३ साली तो दर्जा लाभला. तेथील एम.बी.ए.ची पहिली पायरी म्हणजे ‘कॅट’ परीक्षा. इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित हे तीन विभाग. प्रत्येकास ४० मिनिटे. बरोबर उत्तरास ३ गुण. पर्यायी प्रश्न चुकल्यास १ गुण वजा. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. शंभरांतील सुमारे नव्व्याण्णव जणांच्या पुढे असणे होय.

निवड येथेच संपत नाही. पुढे मुलाखत असते. शिवाय अनेक संस्था दहावी, बारावी व पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभवही जमेस धरतात. म्हणजे तयारीचा आरंभ शाळेतच व्हावयास हवा. पदवीनंतर मुलगा घरच्या कारखान्यात राबला, पण त्याची कोठे नोंदच नसेल, तर तो अनुभव सिद्ध कसा व्हावा? पगाराचे व नेमणुकीचे कागद रीतसर ठेवा.

मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेची (स्थापना १९६५) वाट निराळी आहे. तेथे शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतील जागा सीईटीच्या गुणानुक्रमे भरतात. त्यांस मुलाखत नाही. आरक्षणास पात्र असणाऱ्यांनी आवश्यक ते दाखले वेळेपूर्वी काढावेत. दाखल्यावाचून हक्काची जागा हातची जाते.

मुलाखतीत घरच्या धंद्याविषयी विचारल्यास मुलांनी संकोचू नये. सुताचा भाव चढला म्हणजे टॉवेलच्या किमतीचे काय होते, हे आपल्या मुलांनी उंबरठ्याच्या आत पाहिलेले असते. ते त्यांनी स्वच्छ भाषेत मांडावे.

समाजाने शिष्यवृत्तीच्या जोडीला एक अभ्यासिका व रोजची इंग्रजी वृत्तपत्रे यांची सोय करावी, आणि ती मुलींनाही तितकीच खुली असावी, अशी माझी नम्र सूचना आहे. सर्वांचीच निवड होणार नाही. परंतु माहितीच्या अभावी एकही लायक मूल मागे राहू नये.

जय हिंद!