एका इंग्रजी शब्दाची ओळख
(गुणगौरव समारंभातील भाषण)



आजच्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत ‘रेकग्निशन’ हा इंग्रजी शब्द छापला आहे. उभा जन्म इंग्रजी शिकविण्यात गेल्याने शब्द दिसला की त्याची चिकित्सा केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

शब्द मूळचा लॅटिन. धात्वर्थ ‘पुन्हा जाणणे’. संस्कृतातील ‘प्रत्यभिज्ञा’ ती हीच. मराठीत मात्र त्यास एक प्रतिशब्द पुरत नाही. जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला तर ‘ओळख’ पटते, शाळेला सरकारकडून ‘मान्यता’ मिळते आणि चांगल्या कामाची झाली तर ‘कदर’ होते. उलट आपले ‘ओळखणे’ इंग्रजीत दोन क्रियापदे मागते. पाहिलेला चेहरा ध्यानात येणे म्हणजे ‘रेकग्नाइझ’. परिचय असणे म्हणजे ‘टु नो’. ‘मी त्यांना लहानपणापासून ओळखतो’ याच्या भाषांतरात मुले हमखास पहिले क्रियापद घालीत.

1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना झाला आणि पुढे या पट्ट्यात कारखान्यांची रांग लागली. त्यांबरोबर या शब्दालाही वजन आले. राज्याने 1971 साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा कायदा केला. त्यान्वये पन्नास वा अधिक कामगार असलेल्या उद्योगात, लागोपाठ सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेस औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागता येई. ‘रेकग्नाइझ्ड युनियन’ हे शब्द मग इंग्रजीचा गंध नसलेल्याच्याही तोंडी बसले. ही मान्यता म्हणजे हारतुरे नव्हेत; मालकाशी वाटाघाट करण्याचा तो अधिकार होय.

चाकणला नोकरी शोधणारा मुलगा ‘आत कोणाची ओळख आहे का?’ असे विचारतो, तेव्हा त्यास वशिला हवा असतो. हा अर्थ ‘रेकग्निशन’मध्ये नाही, त्यासाठी इंग्रजीत ‘इन्फ्लुअन्स’ आहे. असो. आत गेल्यावर गळ्यात ओळखपत्र येते. कालिदासाच्या नाटकाच्या नावातील ‘अभिज्ञान’ म्हणजे हीच ओळखीची खूण, दुष्यंताची अंगठी. ती हरवली आणि राजाने शकुंतलेस ओळखले नाही. कंत्राटी कामगाराची गत निराळी नाही. कंत्राट संपून कार्ड परत घेतले, की कालचाच रखवालदार त्यास फाटकावर अडवितो.

आजच्या गौरवाच्या यादीत पदवीधर आहेत, नव्वद टक्क्यांवरची मुले आहेत; त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आय.टी.आय.तून फिटर, टर्नर झालेले, तिन्ही पाळ्या करून धाकट्या भावंडांची फी भरणारे आपले मुलगे आणि मुली यांचे एकही नाव आम्हांस यादीत आढळले नाही. हा कोणाचा आकस नव्हे. मंडळाच्या अर्जात ‘पदवी’ आणि ‘टक्केवारी’ एवढेच रकाने आहेत. जे विचारलेच नाही ते कोणी लिहावे कसे? कार्यकारिणीने त्यात ‘कारागिरी व नोकरी’ असा तिसरा रकाना घालावा, आणि नोकरी कायम की कंत्राटी, हे मात्र विचारू नये. नवे अर्ज अद्याप छापखान्यात गेलेले नाहीत, म्हणून आजच सुचवितो.