ड्रोन उडवायला पंधरा दिवस, चालवायला अख्खा गट

आज आम्ही फवारणीच्या ड्रोनविषयी बोलणार आहोत. आमच्या गटातल्या दोघीजणी प्रशिक्षण घेऊन आल्या, एक पायलट म्हणून आणि दुसरी मदतनीस म्हणून. तेव्हापासून शेजारच्या गावांतल्या बायका आम्हाला तीन गोष्टी विचारतात. हे आम्हाला जमेल का? घरातल्या कुणाला पाठवावं? आणि गटाचा पैसा बुडणार तर नाही ना?

आधी ही योजना समजून घेऊ. 'नमो ड्रोन दीदी' योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे, असं त्यात ठरलं. ड्रोन आणि त्याच्या साहित्याच्या किमतीपैकी ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान मिळतं. उरलेली रक्कम गटाची. त्यासाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज काढता येतं आणि व्याजात ३ टक्के सवलत मिळते. ही योजना २०२५-२६ पर्यंतची म्हणून मंजूर झाली होती. म्हणून आपल्या तालुक्यात सध्या अर्ज घेतात का, हे 'उमेद'च्या तालुका कक्षात जाऊन विचारा. ऐकीव माहितीवर कुणालाही पैसे देऊ नका.

आता पहिला प्रश्न, जमेल का? पायलटचं प्रमाणपत्र मिळवायला वय १८ ते ६५ च्या दरम्यान लागतं, दहावी पास लागते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या केंद्रातच प्रशिक्षण घ्यावं लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असं केंद्र आहे. पूर्वी पासपोर्ट मागायचे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवानाही चालतो. ज्यांची दहावी राहून गेली, त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून परीक्षा द्यावी. वर्ष जाईल, पण ती दहावी ड्रोनपुरतीच नाही, जन्मभर कामी येईल.

योजनेतलं प्रशिक्षण १५ दिवसांचं. पहिले ५ दिवस उडवण्याचे, पुढचे १० दिवस शेतीतल्या वापराचे. सुरुवातीला नियम शिकवतात. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग असतात. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाजवळच्या पिवळ्यात लागते, लाल भाग सरकारने बंद ठेवलेला. मग संगणकावर सराव, आणि त्यानंतर मैदानात. रिमोटला दोन दांडे असतात. डावा दांडा वर-खाली नेण्याचा आणि जागच्या जागी वळवण्याचा, उजवा पुढे-मागे आणि बाजूला नेण्याचा. ड्रोन आपल्याकडे तोंड करून आला की डावं-उजवं उलटं होतं. तिथे सगळ्याच गोंधळतात, आणि दोन दिवसांत हात बसतो. शिलाई मशीन शिकलेल्या बाईला हे अवघड नाही.

पण आमच्या मते खरं शिक्षण पुढच्या दहा दिवसांत आहे. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोनला दहा लिटरच्या आसपास पुरतं. एकराला सात-दहा मिनिटं लागतात. तुरीची फवारणी आठवा. पीक डोक्याएवढं झालं की पंपातलं औषध तोंडावर येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ड्रोनने माणूस त्या फवाऱ्यातून बाहेर येतो, हा मोठा फायदा.

मात्र एक गोष्ट नीट ऐका. औषध एकरी तेवढंच, पाणी मात्र दहा लिटर. म्हणजे मिश्रण किती तरी कडक झालं. आणि ते कालवायचं कुणी? मदतनीस बाईने. म्हणून हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे तिला आधी हवेत, पायलटला नंतर. औषध ड्रोनसाठी मान्य असलेलंच घ्या. जेवणाच्या डब्याजवळ ते कालवू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या कामावर ठेवू नका.

दुसरी जपायची गोष्ट वारा. ड्रोनबरोबर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र देतात, ते पेटीत ठेवायला नाही. शेजारच्या वावरात तुतीची लागवड असेल आणि फवारा तिकडे गेला, तर त्या ताईच्या रेशीम अळ्या मरतील. पीक फुलावर असेल तर मधमाश्या फिरतात ती वेळ टाळा. शेताच्या कडेची विजेची तार, झाड, विहीर हे आधी पायी फिरून पाहा. 'आज वारा आहे, फवारणी नाही' असं सरपंचालाही तोंडावर सांगता आलं पाहिजे. ही हिंमत प्रमाणपत्रावर छापलेली नसते. तिला गटाचा आधार लागतो.

दुसरा प्रश्न, कुणाला पाठवावं? गटात यावर वाद होतो. दहावी झालेली बहुतेक नवी सून असते, नाहीतर लग्नाची मुलगी. सुनेचं लेकरू लहान, आणि मुलगी उद्या सासरी जाईल, मग गटाचं काय? आमचं सांगणं असं. ड्रोन गटाचा, प्रमाणपत्र तिचं. ते १० वर्षं चालतं आणि ती जिथे जाईल तिथे तिच्याबरोबर जातं. पाठवण्यावर जो खर्च झाला, त्याच्या बदल्यात दोन हंगाम गटासाठी काम करायचं, असं आधीच ठरावाच्या वहीत लिहा. मदतनीसही दहावी झालेली निवडा, म्हणजे पुढे तिलाही पायलट होता येईल. आणि ज्या सुनेला पाठवाल तिचं लेकरू पंधरा दिवस कोण बघणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.

आणखी एक. प्रशिक्षण बाईने घ्यायचं आणि शेतात रिमोट घरातल्या पुरुषाने धरायचा, असं होऊ देऊ नका. प्रमाणपत्र नसलेल्याने उडवणं नियमात बसत नाही. शिवाय तिचा हात सुटला की परत बसायला वेळ लागतो.

तिसरा प्रश्न पैशाचा. इथे पाटी-पेन्सिल घ्या. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. ड्रोन आणि साहित्य १० लाखांचं धरू, म्हणजे गटाचे २ लाख. भाडं एकरी ४०० रुपये. एका दिवसात २० एकर होतात असं सरकारी कागद सांगतो. आपल्याकडे तुकड्या-तुकड्यांची शेती, मध्येच पाऊस, म्हणून आपण १० एकर धरू. दिवसाचे आले ४,००० रुपये. त्यातून टेम्पो ८००, पायलटची मजुरी ६००, मदतनीस ४००, चार्जिंग आणि जनरेटर २००. राहिले २,०००. बॅटरी आणि दुरुस्तीसाठी रोज ४०० बाजूला टाकायचेच, कारण बॅटरी झिजते आणि ती महाग असते. गटाच्या हातात उरले १,६००.

कर्जाचा हप्ता आणि विमा मिळून वर्षाला ६०,००० धरू. पहिल्या वर्षाचा विमा योजनेत असतो, पुढचा आपला. आता बघा. वर्षात २५ दिवस काम मिळालं तर ४०,००० जमतात, म्हणजे २०,००० ची तूट. ३८ दिवस मिळाले तर बरोबरी. ६० दिवस मिळाले तर ९६,००० जमतात आणि ३६,००० उरतात. म्हणजे गट तरेल की बुडेल हे उडवण्यावर ठरत नाही, कामाच्या दिवसांवर ठरतं.

म्हणून अर्ज करण्याआधी एक वही करा. चार-पाच गावांत घरोघर जा. कुणाचं किती एकर, कोणतं पीक, फवारणी कोणत्या महिन्यात, ते लिहा. एकट्या सोयाबीनवर दिवस भरणार नाहीत. कापूस, तूर, रब्बीचा हरभरा, उंच वाढलेला ऊस, भाजीपाला अशी जोड लागते. शेतकरी उत्पादक कंपनीशी बोला. फवारणीला पाणी वाहून देणाऱ्या बायांची मजुरी यात कमी होते, तेव्हा मदतनीस निवडताना त्यांच्यापैकी कुणाचा विचार आधी करा.

वहीत ३८ दिवस भरत नसतील, तर ड्रोन घेऊ नका. दोन गटांनी मिळून घ्या, नाहीतर मुलीला नुसतं प्रशिक्षण द्या. तिला दुसऱ्या गटात पायलटचं काम मिळू शकतं. आणि दिवस भरत असतील, तर मागे राहू नका. पुढच्या बैठकीत वही, पेन आणि दहावीची गुणपत्रिका एवढं घेऊन बसा. तुमच्या गावाचा हिशेब झाला की रेडिओ केंद्रावर कळवा, तो आपण सगळ्याजणी मिळून ऐकू.