वाटणार कोण? (वेळापूर येथील सभेत केलेले भाषण)



वेळापूरकरांस अन्नदान शिकविण्यास आम्ही उभे राहिलो नाही. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी येथे मुक्कामास असते, त्या रात्री ह्या गावात कोणी उपाशी निजत नाही, हे सर्वश्रुत आहे. परंतु एका रात्रीचे अन्नदान निराळे, आणि पुढील सुगीपर्यंत परक्याची चूल रोज पेटती ठेवणे निराळे. पहिल्यास उदारपणा पुरतो; दुसऱ्यास यादी, माप, हिशोब व विश्वासू माणूस लागतो. वर्गणीसाठी आम्ही पेढ्यापेढ्यांवरून फिरलो, तेव्हा "देऊ हो, पण वाटणार कोण?" हेच वारंवार ऐकू आले. प्रश्न रास्त आहे आणि फार जुनाही आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांपुढे तो उभा राहिला होता. त्यांनी काय केले, तेवढे आज निवेदन करितो.

यरुशलेम नगरात, येशू ख्रिस्तानंतर थोड्याच वर्षांनी, तेथील मंडळी आपल्यातील निराधार विधवांस रोजचे अन्न वाटीत असे. तेव्हा ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की, वाटपात आमच्या विधवा वगळल्या जातात. पुढाऱ्यांनी तक्रार करणारांस दटाविले नाही. सर्वांस बोलावून, सचोटीची सात माणसे तुम्हीच निवडा, असे सांगितले. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकात त्या सातांची नावे दिली आहेत. स्तेफन, फिलिप्प आदिकरून सातही नावे ग्रीक! ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातलीच माणसे मापावर बसविली. आपल्याकडे माप देणाऱ्याच्या किंवा त्याच्या मुनिमाच्या हाती राहते, आणि वाडीवरची म्हातारी रांगेत पोहोचेतो पोते रिकामे झालेले असते. कोणी हे बुद्ध्या करितो असे नव्हे. यादी गावात बसून लिहिली म्हणजे जे डोळ्यांसमोर असतात तेच तीत उतरतात.

पुढे रोमन बादशहा क्लौद्य ह्याच्या अमदानीत (इ. स. 41 ते 54) दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने, ज्याची जशी ऐपत तशी वर्गणी करून, ती यहूदियातील गरिबांकडे पाठविली. पौलाने नंतर अशीच मोठी वर्गणी जमविली, ती मात्र एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, का तर पैशाविषयी कोणास बोलावयास जागा राहू नये. एवढ्या अधिकाराच्या पुरुषाने साक्षीदार मागून घेतले, तर आमच्या कमिटीने हिशोबास का लाजावे?

सुमारे 150 साली रोम येथे जस्टिन नामक लेखकाने लिहून ठेविले आहे की, रविवारी जमलेली रक्कम अध्यक्षापाशी ठेवीत, व तीतून पोरकी मुले, विधवा, आजारी, कैदी व परगावचे वाटसरू ह्यांस साहाय्य होई. इ. स. 251 मध्ये रोमच्या बिशपाने लिहिलेल्या एका पत्रात पंधराशेहून अधिक विधवा व गरजू माणसे मंडळीच्या आधारावर असल्याचे नमूद आहे. आणि हे मिळे कोणास? ह्या पंथाचा उघड विरोधक असलेला बादशहा जूलियन ह्याने 362 साली खंत केली की, हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांस पोसतात. प्रतिपक्षाची साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक.

आता जे सांगावयाचे ते व्यापारी बंधूंस थोडे कडू लागेल. सुमारे 369 साली कप्पदुकियातील कैसरिया शहरी घोर दुष्काळ पडला. तो मुलूख समुद्रापासून दूर. गलबताने धान्य येण्याची सोय नाही. कोठारे भरलेली होती, पण भाव आणखी चढेल म्हणून त्यांस कुलपे होती. बासिल नावाच्या धर्मगुरूने व्याख्यानांतून त्या कोठारवाल्यांची अशी कानउघाडणी केली की कुलपे निघाली. मग डाळीच्या रश्श्याच्या कढया चढवून तो स्वतः वाढावयास उभा राहिला. मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लुटविल्याची परंपरा ज्या मुलखात घरोघर सांगतात, तेथे ह्यावर अधिक भाष्य नको. आमचे मागणे इतकेच: पेवात वर्षाची बेगमी अवश्य ठेवा, वरची ज्वारी आजच्या भावाने आजच काढा.

थोड्याच वर्षांनी एदेस्सा शहरी असाच प्रसंग आला. एफ्रेम नामक वृद्ध साधूने धनिकांस दोष दिला, तेव्हा ते उत्तरले, "द्यावयास आमची ना नाही, पण विश्वासाचा मनुष्य कोठे आहे? जो तो आपली तुंबडी भरणारा." एफ्रेमाने विचारले, "मी कसा काय?" त्याच्या सचोटीविषयी कोणास शंका नव्हती. पैसा मिळाला, त्याने सार्वजनिक ओवऱ्यांत सुमारे तीनशे खाटा मांडून आजारी व उपाशी माणसांची शुश्रूषा केली.

इतके दूर तरी कशास जावे? पंडिता रमाबाईंचे आईवडील व बहीण दुष्काळातच दगावली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराश्रित मुली व विधवा घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी त्यांस नुसते जेवू घातले नाही. विणकाम, शेती व छापखान्याची कामे शिकविली. 1972 च्या दुष्काळातील सुकडी व मिलो ज्या वडीलधाऱ्यांस आठवते, त्यांस हेही आठवेल की खडी फोडून मिळालेला दाम घेताना मान खाली जात नव्हती.

म्हणून कमिटीने असे योजिले आहे. प्रत्येक वाडीवर मापास दोघे बसतील. त्यांपैकी एक जण धान्य घेणाऱ्या कुटुंबांतला असेल, व त्याची निवड वाडीने करावयाची. यादी दर बाजारच्या दिवशी चावडीवर मोठ्याने वाचली जाईल, आणि वगळलेल्यास तेथेच बोलता येईल. रोकड असो, ज्वारी असो वा कडबा, पावती हातोहात मिळेल. वह्या चावडीवर उघड्या राहतील. ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी न विचारता पाहाव्या. ज्यांच्या शिवारास कालव्याचे पाणी आहे, त्यांनी आपला आकडा येत्या बाजारापूर्वी लिहून द्यावा, म्हणजे दूरच्या वस्त्यांकडील पहिल्या गाड्या त्याच दिवशी भरता येतील.