वाचले, पण कळले का?



सुरुवातीला तुमची एक छोटीशी परीक्षा घेतो. वाक्य नीट ऐका. 'सकाळी टिमकू गोंदाड्यात झुरमुटत चिवला.' आता प्रश्न. टिमकू कुठे चिवला? तुम्ही लगेच म्हणाल, गोंदाड्यात. केव्हा चिवला? सकाळी. कसा चिवला? झुरमुटत. शाब्बास! तीनपैकी तीन गुण. आता चौथा प्रश्न. टिमकूने नेमके केले काय?

हसू नका. आपल्या प्राथमिक शाळांतली कितीतरी मुले वर्षानुवर्षे अशाच टिमकूंच्या जोरावर पास होत असतात. धड्याखाली प्रश्न असतो. प्रश्नातले दोन शब्द धड्यात शोधायचे आणि त्यांच्या शेजारचा शब्द उत्तर म्हणून उतरवायचा. शिक्षक बरोबरची खूण करतात, घरचे खूश होतात. धडा मात्र मुलाच्या डोक्यावरून वाहून गेलेला असतो.

मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्द आणि अर्थ यांची ताटातूट झाली की काय होते, हे कवीला जरा लवकर जाणवते, म्हणून बोलतो.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या टोकाला बपेरा हे गाव आहे. नदी ओलांडली की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. धानाचा मुलूख. इथल्या अंगणात तासभर बसलात तर झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि शाळेची मराठी अशा चार भाषा कानावर पडतील. त्या गावातली गोष्ट सांगतो. धानावर कीड पडली होती. आजोबांनी औषधाची बाटली आणली आणि चौथीतल्या नातवाला म्हणाले, ''वाच रे, काय लिवलं हाये.'' पोराने बारीक अक्षरातला मजकूर खडाखडा वाचून दाखवला. प्रति हेक्टर, द्रावण, मात्रा, फवारणी, सगळे जोडाक्षरांसह, कुठे न अडखळता. आजोबा कौतुकाने ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारले, ''मंग येका पंपाले किती टाकाचा?''

पोरगा गप्प. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

यात त्या मुलाचा दोष नाही. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. द्रावण म्हणजे पाण्यात कालवलेले औषध, हेही नाही. अक्षरांनी त्याला दारापर्यंत आणून सोडले होते, दार उघडले नव्हते. पण त्या दारापलीकडे विषाची मात्रा होती. उद्या याच दारापलीकडे कर्जाचा कागद असेल, दवाखान्याची चिठ्ठी असेल, जमिनीची नोटीस असेल. वाचता येणारा पण न समजणारा माणूस निरक्षरापेक्षाही लवकर फसतो. निरक्षर माणूस निदान दुसऱ्याला विचारतो. याची मात्र सही घेतली जाते आणि वर ऐकवले जाते, 'तुम्ही तर वाचून सही केली!'

अर्थाशिवायचे वाचन मला लहानपणापासून ओळखीचे आहे. आमच्या घरांत मुलांना कुराण शरीफ आधी 'नाजरा' शिकवतात, म्हणजे पाहून, अचूक उच्चारांत वाचायला. अरबी भाषा येत नसते, पण अक्षरे येतात. त्या वाचनामागची श्रद्धा वेगळी, तिचे स्थान वेगळे. माझ्या हिंदू मित्रांनीही संस्कृत स्तोत्रे अशीच पाठ केली. पण एक फरक लक्षात घ्या. मौलवीसाहेबांकडे शिकताना आम्हाला पक्के ठाऊक असायचे की तर्जुमा, म्हणजे अर्थ, अजून शिकायचा बाकी आहे. शाळेतल्या मुलाला हे कुणी सांगतच नाही. खडाखडा वाचले म्हणजे संपले, असे त्यालाही वाटते आणि आपल्यालाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली ही गोष्ट एका सोप्या गणितात मांडली. समजून वाचणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असले की उत्तर शून्य. अक्षरओळख शंभर टक्के आणि भाषेची समज शून्य, तरी गुणाकार शून्यच.

आपल्याकडे दोन्ही बाजू लंगड्या आहेत. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. गावोगावच्या घरी जाऊन मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा मजकूर ठेवतात. देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी तो मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ४४.२ टक्के होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ मध्ये हा आकडा ३८.५ वर घसरला. २०२४ मध्ये तो ४४.८ टक्क्यांवर आला. म्हणजे घसरलेली गाडी पूर्वीच्या जागी आली, एवढेच. यात मोजले जाते ते वाचता येणे. वाचलेले कळणे ही त्याच्या पुढची पायरी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले, त्याच्या पूर्ण इंग्रजी नावातच 'समजून वाचन' हे शब्द आहेत. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला हे यावे, असे त्याचे उद्दिष्ट ठरले.

ते साधायचे कसे? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट बोलीची. आमच्या झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' यांना फारसा थारा नाही. पाणी हे 'पानी' असते आणि डोळा हा 'डोरा'. मुलाने पुस्तकातला 'डोळा' पाहून 'डोरा' वाचले, तर ती चूक नव्हे. अर्थ कळल्याची ती पावती आहे! ज्याला कळले नाही, तो छापलेलाच उच्चार करील. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील बोलीभेदांवर संशोधन केले आणि १९८४ साली तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. घरची बोली हा मुलाचा दोष नसून भांडवल आहे, हे ज्या शिक्षकाला उमगले, त्याचे अर्धे काम झाले. आधी बोलीत समजू द्या, प्रमाण उच्चार मागाहून येईल.

दुसरी गोष्ट अनुभवाची. अमेरिकेत १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपण बेसबॉलच्या जागी रोवणी ठेवू. बांधीत चिखल कसा करतात, पऱ्हे कसे उपटतात, हे बपेऱ्याच्या पोरीला मुंबईच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त कळेल. पण धडा दीपस्तंभाचा असेल, तर ती अडेल. म्हणून धड्याआधी दहा मिनिटे गप्पा हव्यात. समुद्र कुणी पाहिला का? चित्रात? बरे, अंधारात नावाड्याला काठ कसा कळत असेल? नदीकाठच्या मुलांना नाव ठाऊक असते. त्या नावेतून त्यांना दीपस्तंभापर्यंत नेता येते.

तिसरी गोष्ट प्रश्नांची. प्रश्न तीन तऱ्हेचे असतात. एकाचे उत्तर ओळीत असते, दुसऱ्याचे दोन ओळींच्या मध्ये, तिसऱ्याचे वाचणाऱ्याच्या मनात. समजा, गोष्टीत लिहिले आहे, 'आईने ताट वाढले, पण बाबू उंबऱ्यातच बसून राहिला.' बाबू कुठे बसला, हा पहिला प्रश्न. त्यात टिमकूचा धोका आहे. बाबू जेवायला का आला नसेल, हा दुसरा. इथे मुलाला विचार करावा लागतो. तू बाबूच्या जागी असतास तर, हा तिसरा. एका धड्यावर पहिल्या तऱ्हेचे दोनच प्रश्न घ्या, वेळ बाकीच्यांना द्या. उत्तरे वेगवेगळी आली तर घाबरू नका. फक्त विचारा, 'हे तुला कशावरून वाटले?' मूल आपोआप पुन्हा पानाकडे वळेल. समजून वाचणे ते हेच.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. समजून वाचण्याची पहिली शाळा कान आहे. आमची दादी शाळेत गेली नव्हती. रात्री गोष्ट सांगता सांगता ऐन मोक्याला थांबायची आणि म्हणायची, ''अब बोल, आगे क्या हुआ होगा?'' आम्ही भावंडे अंदाज बांधायचो, भांडायचो. दुसऱ्या रात्री तीच गोष्ट आम्हाला सांगायला लावायची आणि मध्येच म्हणायची, ''ये समझ में नहीं आया, फिर से बोल.'' पॅलिन्सार आणि ब्राउन या दोन अमेरिकी संशोधक बाईंनी १९८४ मध्ये समजून वाचण्याची जी पद्धत मांडली, तिच्या चार पायऱ्या अशा: पुढचा अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि थोडक्यात सांगणे. दादीने यांतले काहीच सोडले नव्हते!

हे मुद्दाम सांगतो, कारण गावातले पालक म्हणतात, 'आम्ही अडाणी, आम्ही पोराचा अभ्यास काय घेणार?' तुम्ही घेऊ शकता. पाटी-पुस्तक तुम्हाला वाचता येत नसेल, तरी ऐकता येते. मुलाला धडा वाचायला लावा. मग पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, 'आता तुझ्या बोलीत सांग, काय झालं?' त्याला सांगता आले, तर त्याला वाचता आले. नाही आले, तर रागावू नका. 'मला बी नाही समजलं, चल पुन्हा पाहू,' एवढेच म्हणा. याला ना फी लागते, ना शिकवणी. रोजची पंधरा मिनिटे लागतात.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. तपासणीला साहेब आले की आपण वर्गातला सर्वांत खडाखडा वाचणारा मुलगा उभा करतो. एकदा त्याच्या शेजारी अडखळत वाचणारी, पण मध्येच थांबून 'गुरुजी, याचा अर्थ काय?' असे विचारणारी मुलगी उभी करून पाहा. त्या प्रश्नाने वाचनाचा वेग कमी होतो खरा. पण त्या मुलीच्या हाती उद्या कुठलाही कागद आला, तरी ती सही करण्याआधी हाच प्रश्न विचारील.