जुनी ट्रॅक सायकल घेताना

दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने उभारलेल्या लाकडी धावपट्टीवर जी सायकल धावली, ती ब्रेक व फ्रीव्हील नसलेली ट्रॅक सायकल ज्या तरुणास उज्जयिनीत बसून इंटरनेटवरील जुन्या मालाच्या बाजारातून घ्यावयाची आहे, त्याने छायाचित्राच्या मोहात पडण्यापूर्वी मापांची खातरजमा करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ट्रॅक फ्रेममध्ये मागच्या हबसाठी बहुधा 120 मिलिमीटरांची जागा असते, तर अलीकडच्या रोड सायकलीत 130 वा अधिक. तेव्हा रोडचे चाक तेथे बसत नाही आणि फ्रेम ताणून ते बसवू नये. त्याहून नाजूक बाब हबच्या आट्यांची: अस्सल ट्रॅक हबवर दातेचक्र घट्ट पिळल्यावर त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग चढते, आणि हे आटे झिजलेले असतील तर पायांनी वेग रोखताना चक्र सैल होऊन स्वाराच्या जिवावर बेतू शकते, म्हणून विक्रेत्याकडून त्यांचे जवळून घेतलेले छायाचित्र अवश्य मागवावे. तसेच ट्रॅक चक्राच्या अष्टमांश इंच रुंदीच्या दात्यांवर रोडची अरुंद चेन बसत नाही. रस्त्यावरही फिरावयाचे असल्यास पुढचा ब्रेक लावण्याजोगे छिद्र फोर्कला आहे काय, हे विचारावे. आणि फ्रेमचा क्रमांक व मूळ पावती मागण्यात संकोच बाळगू नये.