दुखऱ्या शरीराची झोप



ज्या दुखण्याविषयीं आज बोलावयाचें आहे त्याचें नांव उच्चारावयास कठीण, आणि त्यावर इतरांचा विश्वास बसणें त्याहूनही कठीण. फायब्रोमायाल्जिया हें तें नांव. तंतु, स्नायु आणि वेदना या अर्थाचे तीन परकी शब्द जोडून तें बनविलेलें आहे. महिनोन्‌महिने सर्व अंगभर चालणारी ठणक, सकाळचा ताठरपणा, हातपाय गळून जावेत असा थकवा, बोलतांना हवा तो शब्द न आठवणें, आणि या सर्वांच्या जोडीला न येणारी किंवा येऊनही विसांवा न देणारी झोप, एवढी त्याची ओळख. रक्त तपासावें तर तें निर्दोष. क्ष-किरणांचें चित्र काढावें तर तेंही निर्दोष. मग घरचीं माणसें विचारतात, "रिपोर्ट सगळे चांगले आहेत, मग दुखतें तरी कोठें?" मी वर्धेची राहणारी. गेलीं नऊ वर्षें हें दुखणें माझ्या अंगावर आहे, आणि हा प्रश्न इतक्या वेळां कानीं आला आहे कीं त्यांतील काळजी कोठें संपते व शंका कोठें सुरू होते, हें मला नुसत्या आवाजावरून कळतें. सर्व कहाणी सांगावयास वेळ पुरणार नाहीं. म्हणून तिच्यांतील रात्रीचा भाग तेवढा निवडला आहे.

लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनीं १९०४ सालीं अशा दुखण्यास 'फायब्रोसायटिस', म्हणजे तंतूंचा दाह, असें नांव दिलें. पुढें दाह कांहीं कोणास सांपडेना, तेव्हां १९७६ पासून सध्यांचें नांव प्रचारांत आलें. त्याच्या आदल्याच वर्षीं कॅनडांतील टोरांटो येथें मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख घेतले होते. गाढ झोपेंत मेंदूच्या लहरी संथ असतात. या रुग्णांच्या संथ लहरींत जागेपणींच्या जलद लहरी मिसळलेल्या दिसल्या. जणूं घर निजलें, पण एका खोलींतला दिवा कोणी मालवलाच नाहीं. याहून बोलका प्रयोग पुढचा. निरोगी माणसांना प्रयोगशाळेंत निजवून तीं गाढ झोपेंत शिरूं लागलीं कीं आवाज करून त्यांची झोप उथळ करावयाची, असा क्रम कांहीं रात्री चालविला. त्यांचेंही अंग दुखूं लागलें, थकवा आला. आणि निर्वेध झोप मिळूं लागतांच दुखणें ओसरलें. तशा लहरी प्रत्येक रुग्णांत आढळतात असें नाहीं, आणि इतरांत मुळींच नसतात असेंही नाहीं. तथापि वेदना झोप मोडते आणि मोडलेली झोप वेदना वाढविते, हें दुहेरी नातें त्यानंतर मान्य झालें. अमेरिकेंतील संधिवात-तज्ज्ञांच्या संस्थेनें १९९० सालीं शरीरावरील १८ जागा दाबून निदान करण्याची रीत घालून दिली होती. २०१० च्या नव्या निकषांत 'उठल्यावर ताजेंतवानें न वाटणें' या लक्षणास तिनें स्वतंत्र स्थान दिलें. मला हा बदल फार न्याय्य वाटतो. ज्या गोष्टीसाठीं रुग्णाला 'सात तास तर झोपलात कीं' असें ऐकावें लागे, तीच आतां निदानाच्या खात्यांत जमा झाली.

परंतु हें नांव स्वतःच्याच मनानें लावून घेऊं नये, आणि विदर्भांत तर नाहींच नाहीं. आपल्याकडे अनेक कुटुंबांत सिकलसेलचा रक्तविकार आहे आणि त्यांतही अंग भयंकर दुखतें. रक्तक्षय, थायरॉइडची मंदता, ड जीवनसत्त्वाची उणीव, यांनींही थकवा आणि अंगदुखी येते. मोठ्यानें घोरणाऱ्याचा श्वास झोपेंत वरचेवर अडत असेल, किंवा रात्रीं पाय हलविल्यावांचून चैन पडत नसेल, तर तो उपचार वेगळा. सेवाग्रामला १९६९ सालीं ग्रामीण भागांतलें देशांतील पहिलें वैद्यकीय महाविद्यालय निघालें, त्याला जोडलेलें कस्तुरबा रुग्णालय आपल्या दारांशींच आहे. तपासणी करून घ्यावी आणि मगच पुढें जावें.

आतां आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. गच्चीवर जावें तर दिवसभर तापलेली फरशी मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत असते. खालीं निजावें तर कूलर. घरांतील इतरांना कूलरचा झोत जितका अंगावर येईल तितका हवा असतो. दुखऱ्या शरीराला मात्र तोच झोत पहांटे मानेंत आणि खांद्यांत आंखडून टाकतो. कूलर बंद करावा तर बाकीचीं माणसें उकाड्यानें उठतात, आणि 'हिच्यापायीं' हे शब्द कोणी न उच्चारतांही ऐकूं येतात. आमच्या घरीं यावर तोडगा निघाला तो साधा आहे. खाट झोताच्या आडवी न ठेवतां भिंतीलगत बाजूस घेतली, हवा खोलींत खेळेल पण अंगावर येणार नाहीं अशी. आणि उन्हाळ्यांतही खांद्यांवर जुन्या धुवट लुगड्याची चादर. निजण्याच्या तास-दीड तास आधीं कोमट पाण्यानें स्नान करावें. गार पाण्यानें त्वचेंतील रक्तवाहिन्या आंकुंचन पावतात. कोमट पाण्यानें त्या रुंदावून आंतील उष्णता बाहेर पडते, आणि शरीराचें तापमान उतरूं लागलें म्हणजेच झोप येते. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली कीं कूलरचा उपयोग सरतो. ते पंधरा दिवस वाईटच जातात. त्यांवर मला अद्याप उपाय सांपडलेला नाहीं.

मुख्य गोष्ट मात्र खाटेची नाहीं, घड्याळाची आहे. रात्र वाईट गेलेल्या माणसाला घरचे प्रेमानें म्हणतात, "आज उशिरां ऊठ, दुपारीं पड थोडी." हाच सल्ला घातक. झोपेचीही भूक असते आणि ती जागेपणाच्या तासांनीं सांचत जाते. सकाळीं आठापर्यंत लोळून, दुपारीं दोन तास पडून ती भूक मारली, तर रात्रीं दहाला अंथरुणांत जाऊन काय होणार? आढ्याकडे पाहणें, आणि दुखऱ्या कुशी मोजणें. असे महिने गेले कीं अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, हें मेंदूच्या अंगवळणीं पडतें. रिचर्ड बूट्झिन यांनीं १९७२ सालीं याच्या उलट वळण लावण्याची रीत मांडली: झोप आली तरच आडवें व्हावें; वीसएक मिनिटांत डोळा लागला नाहीं तर उठून दुसरीकडे बसावें; पुनः झोप आली कीं परत जावें; आणि रात्र कशीही जावो, उठण्याची वेळ बदलूं नये. १९८७ सालीं आर्थर स्पीलमन यांनीं तींत अंथरुणांतला एकूण वेळच कमी करण्याची भर घातली. नऊ तास पडून साडेपांच तासच झोप येत असेल, तर कांहीं दिवस साडेअकरा ते साडेपांच एवढेच सहा तास अंथरुणाला द्यावयाचे. ते बहुतेक झोपेनें भरूं लागले कीं पाव पाव तासानें वाढवावयाचे. यांत पहिले पंधरा दिवस दुखणें वाढल्यासारखें वाटतें, हें आधींच सांगून ठेवतें. पांच तासांच्या खालीं कधीं जाऊं नये. ज्यांना मिरगी आहे, उन्मादाचा विकार आहे, किंवा जे वाहन चालवितात, त्यांनीं डॉक्टरांच्या देखरेखीवांचून हें करूं नये. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधीं हीच उपचारपद्धति द्यावी, असें अमेरिकन वैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें.

घंटेवर उठण्याचें वर्धेकरांना तरी नवल वाटूं नये. १९३६ सालीं गांधीजी सेगांवास राहावयास आले, आणि त्या गांवाचें पुढें सेवाग्राम झालें. सूर्योदयापूर्वींची प्रार्थना, दिवसभर अंगमेहनत, सायंप्रार्थना, हा तेथील क्रम ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला ते वडीलधारे आमच्या लहानपणीं घरोघर होते. तो क्रम झोपेसाठीं नव्हता हें खरेंच. पण माझ्या साडेपांचच्या गजराला घरांत फारसा विरोध झाला नाहीं, याचें श्रेय मी त्या आठवणींना देतें.

शिवाय आमच्या उन्हाळ्यांत चालण्याजोगी वेळ तेवढीच. युरोपांतील तज्ज्ञांनीं २०१६ सालीं या रोगावरील उपायांची छाननी केली, तेव्हां ठामपणें शिफारस करण्याजोगा एकच उपाय त्यांना दिसला: व्यायाम. तो मात्र मुंगीच्या पावलांनीं. मीं पांच मिनिटांनीं आरंभ केला. बऱ्या दिवशीं उत्साहानें घर झाडून काढावें आणि पुढचे तीन दिवस निजून काढावेत, हा आम्हां बायकांचा ठरलेला प्रकार आहे, तो टाळावा. दुपारीं फारच गळाल्यासारखें झालें तर गजर लावून वीस मिनिटें. चहा दुपारीं तीननंतर नाहीं. पाहुण्यांबरोबर रिकामा कप घेऊन बसावें, कोणी पाहत नाहीं.

गोळ्यांविषयीं थोडेंच बोलतें. अ‍ॅमिट्रिप्टिलिन हें औषध अगदीं लहान मात्रेंत रात्रीं दिल्यानें कांहींजणांची झोप आणि वेदना दोन्ही सुधारतात. कोणाला द्यावें हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची मात्र संवय जडते, आणि वृद्ध माणसें रात्रीं उठतांना पडतात. शेजारणीच्या चिठ्ठीवर त्या घेऊं नयेत. वर्षानुवर्षें घेत असाल तर एकदम सोडूंही नयेत, हळूहळू उतरवाव्या.

घरच्यांना एक विनंति आहे. सकाळीं "झोप लागली का?" असें विचारूं नका. त्या प्रश्नानें रात्रीची परीक्षा होते, आणि परीक्षेच्या भीतीनें कोणाला झोप आली आहे? त्याऐवजीं भरलेली कळशी उचलून ठेवा, कणीक तिंबून द्या. मध्यरात्रीं दुसऱ्या खोलींत दिवा दिसला तर धांवत येऊं नका. तें रडणें नसतें, उपचार असतो.

त्या दुसऱ्या खोलींत माझी एक खुर्ची आहे, मंद दिवा आहे आणि कापसाचा डबा आहे. मोबाइल तेथें न्यावयाचा नाहीं. जाग आली कीं मी वाती वळत बसतें. हातांना त्रास नाहीं, डोळ्यांना नाहीं, आणि मन कोठें तरी गुंतलेलें राहतें. पहिल्या वर्षीं चातुर्मासांत शेजारच्या तीन घरांना माझ्या वाती पुरल्या होत्या. यंदा आमच्याच देवापुढें लावावयास बाजारांतून पुडा आणावा लागला.